सागाला विचारून

लेखिका झाले म्हणून आता कौतुक होतं. झाडापानांची ओढ कुठून आली, असं लोक विचारतात आणि मी काहीतरी गोडगोड सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर माझा पहिला छापील लेख मीच खोटा ठरवला, तोही सरकारी माणसाला लेखी देऊन.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. बापानं भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवल्या आणि मला म्हणाला, "आता तू शिक." शिकले. पाचसहा वर्षांनी मुकुटबनच्या पुढं जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावर मास्तरीण म्हणून लागले. पोड म्हणजे पंधरावीस झोपड्या. माझ्या खोलीला लागून एका म्हाताऱ्याचं घर होतं. मी त्याला बाबा म्हणायची, तो मला बाई. वणीत वाढलेल्या मला पळस आणि बाभूळ सोडून झाड ओळखता येत नव्हतं, ते सगळं त्यानं शिकवलं. शाळा सुटली की मी त्याच्यामागं जंगलात जायची आणि परत आल्यावर वही उघडायची.

त्या उन्हाळ्यात त्याच्या घराचा मधला खांब वाळवीनं पोखरला. पावसाच्या आत बदलला नाही तर छप्पर खाली येणार होतं. सरकारी जंगलातला साग परवान्याशिवाय तोडणं गुन्हा, आणि जंगलखात्यात तीन चकरा मारूनही परवाना मिळाला नव्हता. शेवटी एका संध्याकाळी तो मला ओढ्याच्या वळणावर घेऊन गेला. दोन बिब्ब्यांच्या मधोमध एक सरळसोट साग होता. बुंध्याशी त्यानं ज्वारीचे पाच दाणे ठेवले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं झाडाशी बोलला, "घर पडून राह्यलं माहं. तुले नेऊ का? उद्या सांगजो."

सकाळी दाणे मुंग्यांनी नेलेले असले तर झाडाचा होकार, तसेच पडलेले असले तर दुसरं झाड पाहायचं. ही त्यांच्या घरची रीत. आमच्या घरातून असल्या गोष्टी नुकत्याच हद्दपार झाल्या होत्या, त्यामुळं मला हसू आलं. "बाबा, दाणे काय, कोणीही नेईल."

"नेऊ दे ना," तो म्हणाला. "आपण तं इचारलं."

सकाळी दाणे नव्हते. मला उगाच हायसं वाटलं.

तो लेख मी एका बैठकीत लिहिला. ओढा, वळण, दोन बिब्बे, दाणे, कुऱ्हाडीचा पहिला घाव, सगळं जसंच्या तसं. यवतमाळच्या एका साप्ताहिकानं छापला आणि मी हवेत तरंगायला लागले. बाबाला अंक दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवावं हे मला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी पोडावर रेंजर आला, सोबत जंगल राखणारा नाकेदार. रेंजरच्या हातात तोच अंक होता. "बाई, लेख छान आहे," तो म्हणाला. "झाडाची जागासुद्धा नीट लिहिलीत. चला, दाखवा."

बाबा अंगणात दोरी वळत बसला होता. त्याच्या मागच्या उघड्या दारातून नवा खांब दिसत होता. त्याच्या म्हातारीनं त्यावर शेणमातीचा हात फिरवला होता, पण तेवढ्यानं साग थोडाच लपतो? खुंट सापडला की हे दोघं परत येऊन आधी त्याच दारात शिरणार होते. खांब काढून नेला असता, छप्पर बसलं असतं आणि बाबाला कोर्टात उभं केलं असतं. आणि हे सगळं माझ्या शहाणपणामुळं.

बाबानं एकदा माझ्याकडं पाहिलं. हातातली दोरी थांबली नाही.

मी पुढं झाले. ओढ्याशी उजवीकडं वळलं की पन्नास पावलांवर खुंट होता. मी डावीकडं वळले. मागं बुटांचा आवाज येत होता.

"साहेब, बिब्बे तं तिकडं आहेत," नाकेदार म्हणाला.

मी मान वळवली नाही. एका जुन्या झाडापाशी थांबले. "हेच ते."

"हा मोह आहे, बाई," रेंजर म्हणाला.

"असेल. मला साग वाटला. तोडल्याबिडल्याचं मी मनानंच लिहिलं."

"आणि ते दाणे?"

"तेही मनानंच."

रेंजरनं बराच वेळ उजवीकडं पाहिलं. तेवढ्या वेळात मी काय काय भोगलं ते माझं मलाच ठाऊक. मग तो हसला. "मोह आणि साग कळत नाही, आणि जंगलावर लिहिता?" माझ्याच वहीचं पान फाडून त्यानं लिहून घेतलं: सदर लेख काल्पनिक असून मला झाडांची ओळख नाही. मी खाली सही केली. काल्पनिक ठरवलेला तो लेख अक्षरन् अक्षर खरा होता.

ते गेल्यावर बाबापुढं बसून सगळं सांगितलं. रडलेच. "चुकले बाबा," म्हटलं.

त्यानं दोरीची गाठ मारली. "मी झाड तोडाच्या आधी झाडाले इचारलं," तो म्हणाला. "तू मले इचारलं होतं?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

मग कितीतरी दिवस वही बंद होती. पोळ्याच्या सुमारास म्हातारीच्या रानभाज्यांवर चार पानं लिहिली आणि आधी त्यांच्या घरी घेऊन गेले. त्या खांबाला टेकून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

"पाठवू का, बाबा?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मला भाकर गेली नाही. सकाळी तोंडही न धुता त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले.