अळवामागची बरणी

माझा नवरा जाण्याच्या थोडंच आधी आम्ही दोघं चारकोपच्या खाडीवर जाऊन डबाभर चिखल आणला होता. बोरिवलीला घरी आल्यावर त्याने तो काचेच्या बरणीत भरला, त्यात अंड्याचा बलक आणि वर्तमानपत्राचे कपटे कालवले, वर खाडीचं पाणी ओतलं आणि झाकण लावून बरणी गॅलरीत ठेवली. ट्रॉम्बेच्या एका प्रयोगशाळेत त्याचा जन्म गेला होता, उजेडावर जगणाऱ्या जांभळ्या जिवाणूंचा अभ्यास करण्यात. चिखलात ते असतातच, तो म्हणाला, फक्त वाट बघायची. मग रंग दिसतो.

रंग दिसायच्या आत तो गेला. मला तो रंग बघायचा होता.

मालवणच्या माझ्या सासूबाईंना मात्र ती बरणी सहन होत नव्हती. "अंडा घातल्यान, पेपर घातल्यान, आता फोडणी तेवढी ऱ्हवली," त्या म्हणायच्या. त्यातच नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं रविवारी आमच्याकडे यायची होती.

"रविवारपर्यंत रंग इलो तर ठेय," सासूबाईंनी सांगून टाकलं. "नायतर मी टाकतलंय."

मी बरणी भर उन्हात ठेवली होती. तिच्यावर नुसतं हिरवं शेवाळ धरत होतं. एकदा शेजारीण आली, तेव्हा सासूबाईंनी बरणी लाजेने अळवाच्या कुंड्यांमागे सारली. वाद घालण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. ती तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी त्या वड्यांसाठी पानं कापायला गेल्या आणि गॅलरीतून मला हाक आली. "गो, हंय ये. ह्येच्यात आगळ कोणी ओतल्यान?"

बरणीच्या मधोमध, कोकमाच्या आगळासारखा गडद जांभळट पट्टा उमटला होता.

मी हसत सुटले. मग, नवरा मला समजावताना मांडायचा तसे, मी ताटात शेंगदाणे गोल मांडून बसले. हे त्या जिवाणूंमधले रंगाचे कण, आई. सुटे असते तर त्यांना हा उजेड पकडता आला नसता. प्रथिनं त्यांना असं कडं करून, अगदी जवळ जवळ धरून ठेवतात, म्हणून एकावर पडलेला उजेड साऱ्या कड्याचा होतो. आणि झाडांना न चालणारा, आपल्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेडही त्यांना चालतो. अळवाच्या पानांनी आपला उजेड घेतला, हा उरलेला खाली सोडला. शेवाळ उपाशी राहिलं, हे जिवाणू मात्र जेवले.

"म्हणजे ह्या माझ्यामुळे झाला?"

"तुमच्यामुळेच."

त्यांनी एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

रविवारी पाहुणे आले. चहा यायच्या आतच सासूबाईंनी विहीणबाईंना हाताला धरून गॅलरीत नेलं आणि अळवाचं पान बाजूला केलं.

"माझ्या झिलाचा काम," त्या आपल्या लेकाबद्दल म्हणाल्या.

विहीणबाई वाकल्या. "सुंदर आहे हो. वास येतो का?"

"येता ना. सुक्या बांगड्याक येता तितकोच."