चढावर सुटणारी नाडी

आमच्या धावणाऱ्यांच्या टोळीत एक भाऊ आहेत. पन्नाशी ओलांडलेली, स्वतःची राइस मिल, आणि आवाज मिलच्या घरघरीच्या वर चढणारा. नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर सकाळी ते आम्हा सगळ्यांच्या पुढे असतात, पण चढ आला की थांबतात. कधी कुत्रा मागे लागतो, कधी घरून फोन येतो, आणि बहुतेक वेळा बुटाची नाडी सुटते.

"काऊन थांबले, भाऊ?"

"नाडी सुटली ना गा!"

म्हणून यंदा प्रतापगडच्या डोंगरावरच्या शर्यतीआधी आम्ही त्यांना बिननाडीचे बूट भेट दिले. ते घालून भाऊ चढावरही थांबेनात. मी मागे धापा टाकत होतो. अर्ध्या चढावर मोहाच्या झाडाखाली रस्ताभर फुलं पडली होती आणि ती वेचणारी म्हातारी टोपली घेऊन नुकतीच येत होती. भाऊ थबकले, दोन्ही हात पसरून ओरडले, "फुलं तुडवू नोका बाप्पा! बाईची कमाई आहे. कडेकडेनं पळा!"

महागड्या बुटांचे नागपूरकरही मुकाट्यानं कडेनं गेले. मी पुढे जाऊन वळून पाहिलं, तर भाऊ वाकून तिच्याबरोबर फुलं वेचत होते.

भाऊ सगळ्यात शेवटी पोचले.

"आता काऊन उशीर, भाऊ?" सगळे एका सुरात ओरडले.

भाऊंनी आधी मला डोळ्यांनी दटावलं. मग म्हणाले, "नाडी सुटली ना गा!"

त्या बिननाडीच्या बुटांकडे पाहून सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्यानं भाऊच.