गेलेल्या संस्थानाचे मुनशी

साठच्या दशकात मी आखातातल्या कलब्याला एका व्यापाऱ्याच्या दुकानात कारकून होतो. मूळचा मुरूडचा. शारजाहून जीपने कोरड्या ओढ्यांतून हाडं खिळखिळी करून घेत पोहोचलो, तर समोर समुद्र, खजुरीच्या बागा आणि एक मातीचा किल्ला. हे गाव कधीकाळी स्वतंत्र संस्थान होतं, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं.

पण होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्रजांना विमानं उतरवायला इथे जागा हवी होती, म्हणून त्यांनी शारजाच्या ताब्यातलं हे गाव वेगळं संस्थान मानलं. पंधराएक वर्षं ते चाललं आणि मग पुन्हा शारजात गेलं. त्या संस्थानाचे मुनशी, म्हणजे कागद लिहिणारे, आमच्या श्रीवर्धनकडचे. संस्थान गेलं, हे मात्र राहिले. मी त्यांना चाचा म्हणायचो. मनातून मला त्यांची कीव यायची, हेही कबूल करतो.

एकदा एक विधवा बाई दुकानात आल्या. नवऱ्याने मेहेर म्हणून, म्हणजे निकाहात बायकोला द्यायचा हक्काचा वाटा म्हणून, बाग आणि विहीर त्यांच्या नावे केली होती. आता दीर म्हणत होता, बाग आमच्या वडिलांची, म्हणजे माझी. दुसऱ्या दिवशी काझींसमोर जायचं होतं. बाईंकडे पुरावा एकच, चाचांच्या हातचा जुना कागद, संस्थानाचा पुसट शिक्का असलेला. बाग गेली तर त्यांना खायला दुसरं काही नव्हतं.

गावात टाइपरायटर माझ्याकडेच, त्यामुळे लोक मला कायदेपंडित समजत. मीही समजायचो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा! मेलेल्या संस्थानाचा शिक्का कोण मानणार? आमच्याकडे रेव्हेन्यू तिकिटाशिवाय कागद खरा होत नाही. ट्रंकेत गावाहून आणलेली तिकिटं होती. एक काढलं, नेमकं त्या शिक्क्यावर चिकटवलं आणि वर झोकात सही ठोकली.

काझींनी कागद उजेडात धरला. परक्या देशाचं तिकीट, त्यावर परक्याची सही, आणि खालचा शिक्का दिसेना. कागदाशी छेडछाड झाली आहे, असं ते म्हणाले. दीर गालात हसला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझी पाचावर धारण बसली आणि मी चाचांकडे पळालो.

सगळं ऐकून चाचा म्हणाले, "अरे बेटा, तिकीट चिकटवून कागद खरा होतो काय? कागदाला माणसं लागतात. यल्ला, चल."

वाटेत त्यांनी आपली पद्धत सांगितली. कुठलाही कागद लिहिला की शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर ते तो मोठ्याने वाचायचे. नुसतं वाचून थांबायचे नाहीत. पुढे उभ्या असलेल्यांकडून चतुःसीमा म्हणवून घ्यायचे. वाचता न येणाऱ्या गावात हेच त्यांचं दप्तर. असा कारकून मी जन्मात पाहिला नव्हता.

चाचांनी कागद आपल्या हातचा असल्याचं सांगितलं, तेव्हा काझींनी विचारलं, "ते संस्थान आता नाही. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?"

"संस्थान खलास झालं, हुजूर," चाचा अरबीत म्हणाले. "मला कुणी सुट्टी दिलेली नाही."

मला वाटलं, आता ते म्हाताऱ्या साक्षीदारांना बोलावतील. त्यांनी वळून थेट दिराकडे पाहिलं. "हा कागद वाचला त्या शुक्रवारी तू पुढच्या रांगेत होतास. भावाच्या शेजारी. मी तुझ्याकडूनच म्हणवून घेतलं होतं. म्हण."

दीर उठला.

"समुद्राकडे मशिदीची भिंत. डोंगराकडे वाट. उत्तरेला पाण्याचा पाट." तो थांबला. चाचांनी आठवण करून दिली नाही.

"दक्षिणेला विहीर," तो म्हणाला. "विहिरीसकट तिचं."