हाकेला ओ

बाबांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या होत्या आणि पडद्यावर त्यांच्या मेंदूच्या लहरी संथपणे सरकत होत्या. बेशुद्ध पडल्यापासून त्यांनी डोळे उघडले नव्हते. तपासणी करणाऱ्या ताईंनी त्यांना नावाने मोठ्यांदा हाक मारली. लहरी तशाच राहिल्या.

"काकू, तुम्ही मारा बघू हाक. नावाने."

आई गोंधळली. उखाणा सोडला तर उभ्या आयुष्यात तिने बाबांचं नाव घेतलं नव्हतं. ती वाकली आणि रोज चहाला बोलवायची तशी म्हणाली, "अहो..."

रेघा एकदम दाटल्या, बारीक थरथरल्या.

"ऐकलं बहुतेक त्यांनी," ताई म्हणाल्या.

"मग काय म्हणाले?"

"ते यात दिसत नाही हो, काकू."

हाक पोचल्याची खूण यंत्र टिपतं. ओ मात्र आतच राहते. पण शेजारी बसून जन्म काढणाऱ्यांना तरी याहून जास्त कुठे कळतं? म्हणून तर आपण हाका मारत राहतो.

रेघा पुन्हा संथ झाल्या. आईने खुर्ची पुढे ओढली.

"अहो," ती म्हणाली, "चहा गार होतोय."