कन्हानच्या पाण्याचा डबा

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी आणखी एक नाव घेत नाही, ते ह्यांच्या गावाचं. नवऱ्याचं घेत नाही ते मानापोटी आणि गावाचं घेत नाही ते मत्सरापोटी. सवतीचं नाव कोण हौसेनं घेतं? नागपूरहून एसटीनं दीड तास, कन्हान नदीच्या काठी, एवढा पत्ता पुरे.

लग्नाच्या आधीपासूनच त्या गावानं माझ्यावर कुरघोडी केली होती. माझे वडील गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्या गावच्या विणकरांची रेशीमकाठी लुगडी दुकानात येत. वडील काठावरून बोट फिरवत आणि घरी येऊन सांगत, "असा काठ नागपुरातल्या मागावर उतरत नाही." मी दहा-अकरा वर्षांची असेन. आपल्या वडिलांनी परगावचं इतकं कौतुक करावं हे मला तेव्हाच खुपलं होतं. पुढे त्याच गावचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी मुलाची चौकशी नावापुरती केली. ज्या गावचा काठ असा, तिथला मुलगा वाईट कसा असेल, असा त्यांचा हिशेब.

मुलगा वाईट नव्हताच. नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होता. आईवडील लहानपणीच गेलेले; थोरल्या विधवा बहिणीनं मागावर बसून त्याला वाढवलं, शिकवलं. या ताई गावातच राहत. लग्नानंतरचे आठ दिवस आम्ही त्यांच्याकडे काढले आणि ह्यांनी मला गाव दाखवलं. म्हणजे थोरल्या सुनेच्या पाया पडायला धाकटीला नेतात, तसं नेलं.

घाट भोसल्यांच्या काळातला, पायऱ्या एकतीस. पूर कितीही मोठा असो, वरून तिसऱ्या पायरीला शिवतो आणि मागे फिरतो, अशी गावाची खात्री. मी म्हटलं, "आणि एखाद्या वर्षी नाही फिरला तर?" तर सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच पूर आणणार होते. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लावत. दरवर्षी पुरात बांध वाहून जात, दरवर्षी नवे आखत, आणि त्यावरून कधी भांडण होत नसे, असं हे छाती फुगवून सांगत. माणसं आहेत तिथं भांडण नाही, यावर माझा विश्वास नव्हता. पुढे दोन उन्हाळे मी स्वतः पाहिलं. खरंच भांडत नव्हते. मला त्याचाही राग आला.

घरोघरी माग होते. गावाबाहेरून मँगनीजच्या खाणीचे ट्रक जात आणि वाळत घातलेल्या सुतावर काळी धूळ बसे. दुसरं गाव असतं तर रडलं असतं. हे लोक म्हणत, "आमच्या गावच्या धुळीले बी भाव आहे!" पडलो तरी नाक वर म्हणतात ते असं.

नागपुरात महाल भागात आम्ही दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. अंगणात विहीर होती; तिचं पाणी जड, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तुरीची डाळ स्टोव्हवर चढवली. दोन तास झाले तरी दाणा हाताला कडकच. हे कचेरीतून आले तेव्हा मी पातेल्यासमोर बसून रडत होते.

"काहून रडून राहिली वं?"

"डाळ शिजत नाही."

त्यांनी झाकण काढून पाहिलं, आणि ती कडक डाळ भातावर घेऊन मुकाट्यानं जेवले. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. ते दुपारच्या गाडीनं ताईंना भेटायला गावी गेले. सोमवारी परस्पर कचेरीत आणि संध्याकाळी घरी. हातात गवळ्याकडे असतो तसा झाकणाचा, कडीचा ॲल्युमिनियमचा डबा. स्टोव्हजवळ ठेवून म्हणाले, "आता लाव डाळ." अर्ध्या तासात डाळ लोण्यासारखी मऊ झाली. "पाहिलं?" हे म्हणाले, "आमच्या गावचं पाणी!"

मला फक्त "आमच्या गावचं" एवढंच ऐकू आलं. म्हणजे माझ्या हाताला काही गुण नव्हता. तिथूनही सवतच माझ्या चुलीवर स्वयंपाक करत होती.

मग दर शनिवारी हे जात आणि दर सोमवारी डबा येई. शेजारणी रविवारी नवऱ्याबरोबर महाराजबागेत फिरायला जात, आणि येऊन मला विचारत, "तुमचे हे काहून नाही दिसत?" मी म्हणे, "ताईंची तब्येत बरी नाही." ताईंची तब्येत चांगली ठणठणीत होती. मला एक रविवार हवा होता, फक्त एक. तो कधी मिळाला नाही. वर ते गाव उठून आमच्या दोन खोल्यांत येई. कोणाला दवाखाना, कोणाला कोर्ट, कोणाच्या मुलाला कॉलेजात नाव घालायचं. माझ्याच घरात, माझ्याच कपात चहा पिऊन म्हणत, "चहाले आपल्या गावासारखी चव नाही."

तिसऱ्या वर्षी अंगणात कार्पोरेशनचा नळ आला. शेजारचे एक काका पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की हे पाणी कन्हानचंच, खालच्या अंगाला पंप लावून उपसतात. मला इतका आनंद झाला की हे येईपर्यंत दम निघेना.

"ऐकलं का? आपल्या नळालाही कन्हानचंच पाणी आहे. आता डबा कशाला आणायचा?"

"ते खाली आलेलं पाणी," हे शर्ट खुंटीला लावत म्हणाले. "आमच्या घाटावरचं वेगळं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या सोमवारी हे हातपाय धुवायला गेले तेव्हा मी डबा उचलला आणि सगळं पाणी अंगणातल्या पेरूच्या रोपाला ओतलं. डबा विसळून नळाखाली भरला. त्याच पाण्यात डाळ लावली, त्याच पाण्याचा तांब्या भरून ताटाजवळ ठेवला. हे जेवले, पाणी प्याले आणि म्हणाले, "हं! याले म्हणतात पाणी." मी तोंड भिंतीकडे करून हसले.

तेव्हापासून चौदा वर्षं हेच चाललं. हे एसटीत, गर्दीत, मांडीवर डबा सांभाळत नदी घेऊन येत आणि मी ती पेरूला घाली. रोपाचं झाड झालं. त्याला इतके गोड पेरू लागत की सगळी आळी मागायला येई.

या चौदा वर्षांत गाव उतरणीला लागलं. पॉवरलूमचं स्वस्त कापड आलं आणि हातमाग एकेक करून बंद पडले. हे प्रत्येक बातमी तोंड पाडून सांगत, आज अमक्याचा माग मोडला, आज तमक्यानं विकला. मी वरून चुकचुके आणि ताटात एक पोळी जास्त वाढी. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटे. वडिलांनी ज्या काठावर बोट फिरवलं होतं, तो काठ आता दुकानात येणार नव्हता.

मग एका सोमवारी एसटीतून उतरताना ह्यांचा पाय घसरला. नडगीचं हाड मोडलं. मी धावत दवाखान्यात गेले. मी विचारलं, "फार दुखतं का?" आणि त्यांनी विचारलं, "डबा कुठं आहे?" लोकांनी डबा उचलून आणला होता, एका बाजूनं चेपला होता, पण झाकण घट्ट होतं. तिथल्या तिथे तो फेकून द्यावा असं मला वाटलं.

दीड महिना प्लास्टर. तिसऱ्या शनिवारी हे तगमगू लागले. "ताई एकटी आहे. कोणी जाऊन पाहून आलं पाहिजे." मी म्हटलं, "मी जाते." खरं म्हणजे नवरा सोबत नसताना त्या गावाच्या तोंडाकडे मला एकदा नीट पाहायचं होतं. निघताना ह्यांनी डबा पुढे केलाच.

गल्लीत एकच माग वाजत होता, ताईंचा. त्यांनी मला जेवू घातलं, भावाच्या पायाचं दहादा विचारलं. रविवारी दुपारी निघताना मी डबा घेऊन हापशीकडे वळले.

"तिकडं कुठं चालली वं?" ताई म्हणाल्या. "डब्याचं पानी घाटावरून न्यायचं असते."

"तुम्ही कोणतं पिता?"

"आमी सारे हापशीचंच. बहात्तरच्या दुष्काळापासून. तो बी इथं आला की हेच पिते. घाटावर आता पान्याले कोनी उतरत नाही. तो एकटा उतरते."

"काहून?"

"तुयासाठी ना! लग्न झाल्यावर पहिल्या खेपेले आला त मले म्हने, ताई, तिची डाळ नाही शिजली, ते रडत होती, मले पाहावलं नाही. मंग दोन-तीन सालानं मी म्हनलं, आता त तुमच्या इथं नळ आला. त म्हने, तिच्या डाळीले हेच पानी लागते." ताईंनी मागाकडे तोंड फिरवलं. "खरं सांगू का? मले तुयी लई जळन होये. सहा रोज तुयापाशी राहते. एक रोज मायाकडे येते, त त्यातला बी अर्धा वखत तुयं पानी भरण्यात जाते."

मी एकतीस पायऱ्या उतरले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून आत गेले आणि डबा भरला. वर चढताना तीनदा थांबावं लागलं. हे दर आठवड्याला चढत होते. गाडीत बसायला जागा मिळाली, तरी डबा खाली ठेवायचा धीर झाला नाही. मांडीवरच घेऊन आले.

घरी येऊन त्या पाण्यात डाळ लावली. ह्यांना उशीला टेकवून बसवलं, ताट दिलं, तांब्या भरून ठेवला. पहिल्या घासाला हात थांबला. पाणी प्याले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे पाणी कुठलं?"

"तुमच्या घाटावरचं."

"नाही वं."

"माझ्या हातानं भरलं."

"ताईनं हापशीचं दिलं असन. मले नको सांगू. इतकी वर्षं पिऊन राहिलो मी घाटाचं पाणी. झोपेत बी चव सांगीन."

मी ताट उचललं. आत जाऊन नळाच्या पाण्यात पुन्हा डाळ लावली, तांब्या नळाखाली भरला. अर्ध्या तासानं वाढलं. हे दोन घास जेवले, पाणी प्याले आणि त्यांचा चेहरा सैलावला.

"हं. हे आमच्या गावचं."

नळ माझा, हात माझा, आणि कौतुक पुन्हा त्या गावाचंच! अंगाचा तिळपापड झाला. उरलेला डबा उचलून मी सवयीनं पेरूपाशी गेले आणि डबा तिरपा केला. मग सरळ केला. तसाच घरात आणला, तांब्यात ओतून घेतला आणि ओट्यापाशी उभ्यानं सगळा तांब्या प्याले. पाणी गोड होतं, थोडा वाळूचा वास होता. माझ्यासाठी आणलेलं ते पाणी मी चौदा वर्षांत पहिल्यांदा चाखत होते.

पाय बरा झाल्यावर हे पहिल्या शनिवारी निघाले तेव्हा डबा मीच घासून हातात दिला. त्यानंतर पेरूला नळाचं पाणी मिळू लागलं. ह्यांनाही नळाचंच देत राहिले. घाटाचं मी एकटी पीत असे, आणि त्यातला घोटभरही कोणाला दिला नाही.