‘ठीक’च्या चौकोनातली खूण

आमच्या वर्गात कूलर लागले नाहीत, ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही.

एम.ए.चा आमचा वर्ग विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूला. दुपारी दोननंतर बाकाचा चटका बसायचा. पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलायचा. आणि मेमधली परीक्षा तिथंच द्यायची होती.

एप्रिलमध्ये एक संशोधक मॅडम आल्या. टेबलावर तापमान मोजायचं यंत्र ठेवलं आणि फॉर्म वाटले. ‘खूप थंड’पासून ‘खूप गरम’पर्यंत सात चौकोन, मधला ‘ठीक’. म्हणाल्या, “खरं वाटतं तेच लिहा. विभागाला चार कूलर आलेत. कुठे लावायचे ते या फॉर्मांवरूनच ठरणार आहे.”

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसायची. तिला ऊन मुळीच सोसायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिनं ‘खूप गरम’वर खूण केली. मी मोठ्यानं म्हणाले, “काय वं महाराणी! आम्ही टिनाखाली हातमागावर बसणाऱ्याच्या पोरी. इतक्यानं काय होते?”

“तुले नाही होऊन राहिलं गरम? पाठ पाह्य ना आपली.”

कुर्ता पाठीला चिकटला होता, खरंच. पण वर्ग ऐकत होता. त्यात एसीच्या घरातून येणारी मुलंही होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. इंग्रजीत, कपड्यांत ती मुलं माझ्या पुढे होती. ऊन सोसण्यात तरी मी पुढे आहे, असं मला वाटायचं. मी ‘ठीक’वर ठळक खूण केली आणि फॉर्म उंच धरून दाखवला. मी वर्गप्रतिनिधी होते. मागून कुणीतरी ओरडलं, “ताईले ठीक आहे तं आपल्याले थंडी वाजून राहिली, लिहा गा!” सगळे हसले आणि बहुतेकांनी ‘ठीक’ लिहिलं. मैत्रिणीनं आपली खूण खोडली.

कूलर तळमजल्यावर गेले.

उमरेडला घरी गेले तेव्हा ही गोष्ट मी पराक्रमासारखी सांगितली. बाबा मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडत होते. हात थांबवून म्हणाले, “उन्हानं सूत तुटते म्हणून मी हे पाणी मारतो. सुताले सोसत नाही, अन् तू माणसायले सोसाले लावून आली?”

मी म्हटलं, तुम्हाला नाही समजायचं. शिकलेली होते ना मी.

परीक्षेत दुसऱ्या पेपरला मैत्रिणीनं मध्येच बाकावर डोकं टेकवलं. पुन्हा उठून लिहायला लागली, पण घामानं शाई पसरत होती. अर्धा तास उरला असताना पेपर देऊन ती बाहेर गेली. त्या पेपरात ती पुढे नापास झाली.

मी वेळ संपेपर्यंत लिहिलं. बाहेर आले तर ती जिन्यात भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती म्हणाली, “माहीच चूक आहे वं. तुमच्यासारखं सोसता नाही येत मले.”

मलाही गरम होत होतं, हे तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “होईल सवय.”

तिनं मान हलवली, माझ्या हातातली बाटली घेतली आणि मलाच थँक्यू म्हणाली.