वर्तणूक : गैर

आमच्या घरात चूक आणि गैर यांची भेसळ चालत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं, तर ती चूक. शेजारणीने दिलेली भाजी चाटूनपुसून खायची आणि मग तिलाच नावं ठेवायची, खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, ते गैर. पाप हा शब्द आई वापरतच नसे. ते देव बघेल, म्हणायची.

त्यामुळे दहावीनंतर खारघरच्या कॉलेजच्या खिडकीवरून माझा शाळेचा दाखला परत आला आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘गैर’ दिसलं, तेव्हा मला प्रवेश हुकण्यापेक्षा आईचीच जास्त भीती वाटली. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता आणि खिडकी पाचला बंद होणार होती. सोबत आलेली आई चौथी शिकलेली. तिने रकाना दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिक्षाला हात केला.

पनवेलला शाळेत कारकून नुकतेच जेवून बसले होते.

‘‘लिहिलंय म्हणजे काहीतरी केलं असेल, मावशी.’’

‘‘काय केलं?’’

‘‘ते मला काय ठाऊक?’’

आमच्या नेरे गावच्या शेतात या बांधावरून त्या बांधाला हाक मारणारी बाई ती. तिने आवाज लावला.

‘‘आमी अडानी मानसं, पन गैर म्हंजे काय त्ये आमाला समजतं. गैर नुसतं नसतं. काय केलं, कुनाचं केलं, त्ये सांगावं लागतं. तुमाला सांगता येत नाय ना? मग पोरीला गैर म्हननं, ह्येच गैर हाय!’’

मला रडू येत होतं आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या. आतून मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांनी रजिस्टर मागवलं, दाखला उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. नववीत मला कावीळ झाली होती. ‘महिनाभर गैरहजर’ या शेऱ्यातला शब्द कारकुनांनी भलत्याच रकान्यात उतरवला होता आणि ‘हजर’वर शाळेचा गोल शिक्का बसला होता.

सरांनी स्वतः नवा दाखला लिहिला. आईने अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, ‘‘चांगली.’’ मग कागद त्यांच्यापुढे परत सरकवला.

‘‘सर, ‘फार’ ऱ्हायलं.’’

सरांनी पेनाचं झाकण पुन्हा काढलं. पावणेपाचला मी खारघरच्या त्याच खिडकीत दाखला सरकवला, तोही ‘फार चांगली’ वर्तणुकीचा.